काट्याच्या खोलीचा निकाल

बडोद्याजवळ वाघोडियाच्या औद्योगिक इस्टेटीत ट्रकचं वजन करायला जागा होती. मालकांच्या गाड्यांना शेड होती. गेटावर कुत्री हाकलायला एक माणूस ठेवला होता, त्यालाही बसायला पत्र्याची टपरी होती. कंत्राटी कामगारांना दुपारी बसून जेवायला मात्र जागा नव्हती. एवढी मोठी वसाहत आखणाऱ्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही, की दाहोदहून, खानदेशातून, बिहारमधून आणलेली माणसं दुपारी एक वाजता जेवणार. ती भिंतीच्या कडेला, गटाराच्या स्लॅबवर उकिडवी बसून पाव आणि शेव खायची. हे मी ऐकीव सांगत नाही. बघितलंय.

त्यांना गरम जेवण मिळालं ते कुठल्या योजनेमुळे नाही, सात बायकांमुळे. त्यांच्यात पुढाकार घेणाऱ्या बाईंना मी काकी म्हणते, कारण मी शाळेत असताना त्या बडोद्यात वासण्याला आमच्या घरी पोळ्या करायला यायच्या. मूळच्या जळगावकडच्या. पुढे काकांच्या नोकरीसाठी त्या वाघोडियाला राहायला गेल्या. काका भट्टीवर होते. भट्टीने त्यांची छाती खाल्ली आणि ठेकेदाराने त्यांना घरी बसवलं. मग काकी पुन्हा लोकांच्या घरी पोळ्या लाटायला लागल्या, इस्टेटीतल्या साहेबांच्या चार घरी.

जुन्या वजनकाट्याशेजारी एक खोली रिकामी पडली होती. दुसऱ्या गेटावर नवा काटा बसल्यापासून तिथे कुणी फिरकत नव्हतं. एक खिडकी, पत्र्याचं छप्पर आणि बाहेर एक नळ. नळाला पाणी येत होतं, म्हणून ती खोली. काकींनी ती हेरली, इस्टेटीतल्या मालकांच्या समितीवरच्या एका म्हाताऱ्या शेठकडून तोंडी परवानगी मिळवली, आणि आसपासच्या सहा बायका गोळा करून शेगड्या पेटवल्या. सगळे तिला काट्याची खोली म्हणायचे. एक वाजायच्या आत खिडकीपुढे रांग लागायची.

शेजारच्या गावच्या मोटीबेन बाजरीचे रोटले, म्हणजे भाकऱ्या, थापायच्या. वयाने सगळ्यांत मोठ्या म्हणून मोटीबेन. त्यांच्या सासऱ्यांचं शेत याच इस्टेटीत गेलेलं. त्या म्हणायच्या, "पहेला अहीं बाजरी वावता, हवे अहीं बाजरी शेकूं छुं. एटलो विकास!" आधी इथे बाजरी पेरायचो, आता इथेच भाजते, एवढाच विकास, असं म्हणून पुढचा गोळा हातावर घ्यायच्या. डाळीवरून त्यांचं आणि काकींचं रोज जुंपायचं. मोटीबेनना डाळीत गूळ हवा, काकींना तिखट. शेवटी एक दिवस आड वाटणी झाली. रांगेतली पोरं लांबूनच ओरडायची, "आज दाल खानदेश की है या गुजरात की?" काकी आतून सांगायच्या, "आज खानदेशची. रडायचं असेल तर रुमाल आणा!"

हे सगळं मी तिथे पोचायच्या आधी उभं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ते कुणी उभं केलं यावरून बरंच काही छापलं गेलं.

मी तिथे गेले ती एका फाउंडेशनची फेलो म्हणून. त्याआधी कॉलेजात मी पत्रकं लिहायची. कंत्राटी सफाई कामगारांवर, हॉस्टेलच्या पाण्यावर, बसच्या भाड्यावर. पत्रकाची भाषा मला येते. वाक्य आखूड, क्रियापद ठणठणीत, शेवटी उद्गारचिन्ह. फाउंडेशनला ही भाषा आवडली. त्यांचा कार्यक्रम होता 'सामाजिक उद्योजकतेतून प्रादेशिक विकास'. हे शब्द मी पहिल्या दिवशी वहीत लिहून घेतले होते, तेव्हा मला त्यांचा राग आला नव्हता हे कबूल करते. उलट मला वाटलं, चला, काकींच्या कामाला निदान एक नाव तरी मिळालं. आता मला वाटतं की आपल्या कामाला दुसऱ्याने नाव दिलं की सावध व्हावं. नाव देणारा पुढे मालकी सांगायला येतो.

म्हाताऱ्या शेठची परवानगी तोंडी होती. ते वारले. त्यांच्या मुलाला आमचं काही सोयरसुतक नव्हतं. समितीच्या ऑफिसातून कुजबुज आली की खोली रिकामी करून घेणार. काकी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेल्या बघितल्या. त्या म्हणाल्या, "शेगडी मी कुठेही लावीन गं पोरी. पण नळ? उघड्यावर शिजवलं तर इस्टेटवाले दुसऱ्याच दिवशी भांडी उचलून नेतात. ही खोली गेली की आपण गेलो." चार घरांपैकी तीन त्यांनी एव्हाना सोडली होती. एक घर धरून ठेवलं होतं. "एक पाय जमिनीवर असलेला बरा," म्हणायच्या.

मी म्हटलं, अर्ज करू. खोली कायमची वापरायला द्या असा रीतसर अर्ज. फाउंडेशनचे प्रमुख, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, म्हणाले की आपल्या लेटरहेडवर करा, वजन पडतं. अर्ज मी लिहिला, गुजरातीत एकाकडून करून घेतला आणि समितीला नेऊन दिला. काकींनी आणि मोटीबेननी खाली अंगठा आणि सही केली. काकी मराठीतच सही करतात. मोटीबेनचा अंगठा.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात चार पिढ्या बडोद्यात गेल्या, आणि चारही पिढ्यांना घरातल्या मराठीचा ताठा. उंबऱ्याबाहेर 'केम छो', उंबऱ्याच्या आत शुद्धलेखन. मी इंग्रजी शाळेत शिकले. गुजराती मी पाण्यासारखी बोलते, रिक्षावाल्याशी भांडते, बाजारात हुज्जत घालते. वाचायची म्हटलं तर दुकानाच्या पाट्या. कचेरीची गुजराती, तीन ओळींची वाक्यं असलेली, माझ्या डोक्यावरून जाते. मी हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. बडोद्यात जन्मलेल्या कार्यकर्तीने ते कसं सांगायचं?

महिन्याभराने मी समितीच्या ऑफिसात फोन केला. कारकून म्हणाला, "हा बेन, तमारी अरजीनो निकाल थई गयो छे."

मी विचारलं, "थई गयो?"

"थई गयो, थई गयो. कागळ पण मोकली दीधो छे. हवे शांति राखो."

पत्रही पाठवलं होतं म्हणे. मी फोन ठेवला आणि अक्षरशः टाळी वाजवली. निकाल! आमच्या घरात निकाल लागतो तो दहावीचा, बारावीचा, आतेबहिणीच्या सीएचा. निकाल लागला की आई देवापुढे साखर ठेवते आणि बाबा पेढे आणायला निघतात. नापास झालेल्याच्या घरात 'निकाल लागला' असं कुणी म्हणत नाही, तिथे 'राहिला' म्हणतात. माझ्या कानात निकाल हा शब्द पेढ्याच्या खोक्यासकट बसलेला.

गुजराती कचेरीत निकाल लागत नाही, होतो. निकाल झाला म्हणजे कागद टेबलावरून हलला, फाइल मिटली. हो म्हणाले की नाही म्हणाले, ते त्या शब्दात नसतंच. सांडपाण्याचा निकाल, कचऱ्याचा निकाल, तसा अर्जाचा निकाल. आणि आपल्या मराठीतसुद्धा माणसाचा निकाल लावतात, पण हे काही मला त्या क्षणी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात पत्र आलेलंच होतं, दोन पानी. पहिल्या पानावर संदर्भ, क्रमांक, आणि विषयाच्या ओळीत तो शब्द, निकाल. बाकीचा मजकूर दाट. मी म्हटलं, निवांत कुणाकडून तरी वाचून घेऊ. ते पत्र मी प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, येताना वाटेत पेढे घेतले आणि काट्याच्या खोलीत गेले.

"निकाल लागला!" मी दारातूनच ओरडले.

काकींच्या हातात झारा होता. तो तसाच घेऊन त्या बाहेर आल्या. "खरं?"

"हा बघा कागद."

मोटीबेन रोटला थापता थापता म्हणाल्या, "शुं निकाल? हा पाडी के ना पाडी?" म्हणजे हो म्हणाले की नाही?

"अरे मोटीबेन, निकाल थई गयो! थई गयो एटले थई गयो!"

"निकाल तो गटरनोय थाय छे, बेन."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. काकींनी एक पेढा उचलून मोटीबेनच्या तोंडात कोंबला. "तोंड गोड करा आधी. बोलताय काय वेडंवाकडं? पोरगी शिकलेली आहे!"

मोटीबेननी पेढा खाल्ला आणि पुढचं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी द्यायला हवं होतं.

पत्राचं पाकीट काकींनी गणपतीच्या तसबिरीशेजारी खिळ्याला टांगलं. पहिलं पान बाहेरच्या बाजूला. त्याला हळदकुंकू लावलं. मग सातही जणींनी दोन दिवस दुपारनंतर थांबून खोलीला चुना लावला. मोटीबेनच्या सुनेने खिडकीभोवती वेलबुट्टी काढली. आणि काकींनी चौथं घर सोडलं. ते मला त्यांनी सहज सांगितलं, कांदा चिरताना. "आता खोली आपली झाली, मग त्या बाईंची बोलणी कशाला खाऊ? सांगितलं तिला, दुसरी बघा."

मधे एकदा सर पाहुणे घेऊन आले. फोटो झाले. काकींना झारा उंच धरायला सांगितला. सर पाहुण्यांना म्हणाले, "हे बघा, हे मॉडेल आहे." काकी मला हळूच म्हणाल्या, "मॉडेल कोण, मी?" आणि पदर नीट केला. सरांनी भिंतीवरचा कागद बघितला. मी बघितलं त्यांनी बघितलेलं. मग ते पाहुण्यांना घेऊन गाडीकडे वळले.

त्यानंतर दीडएक आठवड्याने सकाळी दोन माणसं कुलूप आणि फ्लेक्स घेऊन आली. सोबत समितीचा मॅनेजर. मी त्या दिवशी योगायोगाने तिथेच होते. डाळ उकळत होती.

मॅनेजर आवाज चढवून बोलला नाही. तो म्हणाला, "बेन, आजे खाली करी आपो." खोली आज रिकामी करून द्या.

मी म्हटलं, "शेनुं खाली? खोली आम्हाला मिळालीय. निकाल झालाय."

"हा, निकाल तो थई गयो छे. तमने कागळ नथी मळ्यो?" आणि त्याची नजर फिरत फिरत तसबिरीपाशी गेली. "आ रह्यो ने!"

त्याने पाकीट खिळ्यावरून काढलं, आतलं दुसरं पान बाहेर काढलं आणि वाचून दाखवलं. कायमच्या वापराची विनंती मान्य करता येत नाही. कामगारांसाठी आदर्श कॅन्टीन उभारायचं असल्याने जागा त्या कामी लागेल. कुणाला हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावं. पंधरा दिवस संपून चार दिवस झाले होते. ते पंधरा दिवस त्या कागदाला रोज उदबत्ती ओवाळली जात होती.

फ्लेक्स उलगडला. त्यावर झारा उंच धरलेल्या काकी होत्या. खाली फाउंडेशनचं चिन्ह.

खोलीत कुणी आरडाओरडा केला नाही. मला वाटलं होतं, बायका माझ्या अंगावर येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीने गॅस बंद केला. मोटीबेननी हात धुतले आणि परात पालथी घातली. काकी फ्लेक्सकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू वाचलं नव्हतंस?"

मी म्हटलं, "नाही."

"मला म्हणायचंस ना. मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं असतं."

बस, एवढंच. शेजारचे मास्तर! संध्याकाळी ओट्यावर बसलेले असतात. पन्नास पावलांवर.

त्या दुपारी रांग लागली आणि परत गेली. एक पोरगा खिडकीपाशी येऊन विचारत होता, "आज किसकी दाल है?"

मी तशीच तडक ऑफिसात गेले. सरांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ते म्हणाले, "मला वाटलं तू वाचलंयस. पत्र तुझ्याच हातात होतं ना?"

"पण कॅन्टीन आपण चालवणार आहोत हे?"

"बघ, इमोशनल होऊ नकोस. सात बायका किती लोकांना जेवू घालणार? स्केल बघ. त्याच बायकांना आपण तिथे घेऊ. युनिफॉर्म, ट्रेनिंग, सगळं. नुकसान कुणाचं झालं?"

याचं उत्तर मी आत्ता देते. नुकसान असं झालं, की भुकेल्या माणसाला काय लागतं हे ज्यांना आधी कळलं त्यांना तुम्ही हरकत घ्यायला पंधरा दिवस दिलेत, आणि तेही त्यांना वाचता न येणाऱ्या कागदावर. काम त्यांनी करून दाखवलं, म्हणून तर तुम्हाला ते चालतं हे कळलं. त्यांनी करून दाखवेपर्यंत ती खोली ओस होती, तेव्हा कुणाला आदर्श कॅन्टीन सुचलं नाही. यालाच तुम्ही प्रदेशाचा विकास म्हणता. मोटीबेनच्या घरात हा विकास दुसऱ्यांदा आला. पहिल्यांदा शेत घेऊन गेला.

आणि तुमच्या या कामात मी मदत केली. फुकट नाही, नोकरी म्हणून. सर लबाड होते म्हणून मी सुटत नाही. लबाड माणसाला उघडा दरवाजा लागतो. तो मी उघडला, वर पेढे वाटले.

मी राजीनामा दिला. हरकतीचा उशिरा अर्ज केला, त्याचाही निकाल झाला. या वेळी मी दोन्ही पानं वाचून घेतली. पत्रक काढलं, इस्टेटीच्या तिन्ही गेटांवर वाटलं. लोकांनी घेतलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि नव्या कॅन्टीनच्या रांगेत उभे राहिले. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड नाही. भूक एक वाजता लागते.

सातांपैकी तिघी कॅन्टीनमध्ये गेल्या, एका ठेकेदारामार्फत, हेल्पर म्हणून. काकी त्यांतल्या एक. जेवण तिथे शिजत नाही, शहरातून गाडीने येतं. काकी ताटं विसळतात. मोटीबेन गेल्या नाहीत. त्या आता दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात, पादरा गावाकडे, भाजी तोडायला, पहाटेच्या टेम्पोने. मला त्या एकदा रस्त्यात भेटल्या. "केम बेन, सारुं?" बरं आहे ना, एवढंच विचारलं, आणि टेम्पोत चढल्या. घरी आईला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्या आपल्याकडे पोळ्यांना येतील का गं?" मी ताटावरून उठले. पण आईचं काय चुकलं? तिने निदान सरळ विचारलं.

गेल्या महिन्यात काकींचा फोन आला. "जमलं तर ये. एक कागद वाचायचाय."

मी गेले. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. काका खाटेवर बसून धापा टाकत होते, त्यांनी हाताने बस म्हटलं. काकींनी कागद पुढे केला. गुजराती. मी जमिनीवर बसले आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागले. अडले तिथे थांबले, अक्षर जुळवलं, पुढे गेले. वेळ लागला.

कागदात काकींच्या तोंडून लिहिलं होतं, की आदर्श कॅन्टीनच्या पुस्तिकेत माझा फोटो आणि माझी कहाणी छापायला माझी संमती आहे. की हा उपक्रम फाउंडेशनच्या प्रेरणेने सुरू झाला. की मी त्यात सुरुवातीपासून प्रशिक्षणार्थी होते.

"प्रशिक्षणार्थी म्हणजे?"

"शिकाऊ."

काकी हसल्या. काकाही हसले, पण त्यांना लगेच खोकला आला. "कुणाकडे शिकत होते मी? मोटीबेनकडे? गूळ घालायला?"

"काकी, सही करू नका. हे धडधडीत खोटं आहे."

"ते कळलं मला. तू वाचलंस ना आत्ता." त्यांनी पेन शोधायला फळीवर हात फिरवला. "सुपरवायझर म्हणाला, उद्या घेऊन ये. तिघींनाही दिलाय."

"नाही दिला तर काय करेल?"

"ते त्याने सांगितलं नाही. सांगावं लागत नाही." पेन सापडलं. "नाही केली सही, आणि परवापासून येऊ नको म्हणाला, तर तू मला कुठे उभी करशील, सांग."

मी विचार केला. खरंच केला. पत्रक, मोर्चा, माहितीचा अर्ज, वकील, सगळं डोक्यात येऊन गेलं. त्यातलं काहीही परवा दुपारी चूल पेटवणारं नव्हतं.

काकी थांबल्या होत्या. उत्तर मिळेल म्हणून थांबल्या होत्या, टोमणा म्हणून नाही. मग त्यांनी कागद पोळपाटावर ठेवला आणि मराठीत सही केली, सावकाश, पूर्ण नावाने. मला दाखवून विचारलं, "इथेच करायची ना?"

"हो. इथेच."

त्यांनी कागदाची घडी करून डब्यात ठेवली आणि पदर खोचला. "चल ऊठ. सहाला पाणी जातं, मला भरायचंय. ती कळशी जरा इकडे सरकव."

मी कळशी सरकवली.